मांस न आणणारी बंदूक

विनयाला नवऱ्याच्या बंदुका कळायच्या त्या भोकांवरून. नळी किती इंची, दुर्बीण कुठल्या कंपनीची, दस्ता अक्रोडाचा की प्लास्टिकचा, ह्यातलं तिला काडीचं कळत नसे आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. मकरंद शिकारीहून आला आणि गॅरेजमधल्या स्टीलच्या टेबलावर त्याने जनावर टाकलं, की ती हातात सुरी घेऊन आधी भोक शोधायची. गोळी शिरली कुठून, निघाली कुठून, वाटेत काय काय फोडत गेली. तेवढ्यावरून ती सांगायची, आज तू घाई केलीस. किंवा, आज तुझं कामावर कुणाशी तरी वाजलंय. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं आणि मकरंदचं डोकं फिरायचं.

ही विद्या तिला सासरहून किंवा माहेरहून मिळालेली नव्हती. कोल्हापुरात हॉटेल मॅनेजमेंट करून ती ऑकलंडला शिकायला आली, आणि फीचा खड्डा भरायला एका सुपरमार्केटच्या मांस खात्यात ट्रे पॅक करू लागली. दोन वर्षांत तिने सुरी हातात घेतली आणि पाच वर्षांत ती रीतसर बुचर झाली, डाव्या हातात जाळीचा हातमोजा घालून रोज अर्धा डझन बोकड सोडवणारी. तिच्या आईने नातेवाइकांत ‘विनू फूड इंडस्ट्रीत आहे’ असं सांगून वेळ मारून नेली. विनयाला त्याची लाज कधीच वाटली नाही. नीट कापलेल्या मांसात एक शिस्त असते, असं ती म्हणायची, आणि जनावर नीट मारलेलं असेल तरच ते नीट कापता येतं.

मकरंद मूळचा कराडचा. तो थंडीची यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणजे वायकाटोतल्या गोठ्यांवर दूध गार ठेवणाऱ्या टाक्या. एका गोठेवाल्याने ससे मारायला त्याच्या हातात आपली टू-टू, म्हणजे लहान गोळीची हलकी रायफल, दिली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. पहिलाच ससा त्याने कमरेत मारला. तो तान्ह्या पोरासारखा किंचाळत गवतात गोल फिरत राहिला. मकरंदने त्याला मागच्या पायांना धरून कुंपणाच्या खांबावर दोनदा आपटला, तेव्हा कुठे तो गप्प झाला. घरी आला तो पांढराफटक पडलेला. विनयाने ससा सोलला, तुटलेला मणका त्याला दाखवला, आणि सांगितलं, पुढच्या वेळी कानामागे मार, नाहीतर मारू नकोस. त्याने ते ऐकलं. त्या वर्षी अवोन्डेलच्या त्यांच्या दोन खोल्यांत सशाचा जो रस्सा शिजला, त्यातल्या प्रत्येक सशाला कानामागे एकच भोक होतं, मसुरीएवढं. विनया नवऱ्याच्या प्रेमात खऱ्या अर्थाने पडली ती त्या वर्षी. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण खरं आहे.

मग त्याने स्वतःचं लायसन्स काढलं आणि हरणासाठी मोठी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली. एक गोळी मारायची, हाताने खटका मागे ओढायचा, मग दुसरी. त्यामुळे पहिली नीट मारावी लागायची. खांद्याच्या मागे, चार बोटं वर, हृदय फुटून जनावर दहा पावलांत खाली. मांस स्वच्छ मिळायचं. फ्रीजर भरलेला असायचा आणि मराठी मंडळाच्या कुठल्याही जेवणात मकरंदच्या हरणाच्या सुक्क्याला मान असायचा.

त्यानंतर त्याला सेमी-ऑटोचं वेड लागलं. बरोबरीचे दोघे-तिघे होते, सगळ्यांनी एकदमच घेतल्या. खटका ओढायची कटकट नाही, बोट दाबत राहायचं. तारानाकीच्या डोंगरात रानबोकडांचे कळप असतात. हे चौघे कड्यावर बसून त्यांच्यात गोळ्या ओतायचे आणि हसायचे. एकदा त्याने आणलेल्या बोकडाला विनयाने सात भोकं मोजली. दोन पोटात, आतडी फुटून शेण सगळ्या मांसात मिसळलेलं. एक जबड्यात, अर्धा जबडा नाहीच. एक मागच्या पायात. ह्यातल्या सहा गोळ्या लागल्या तेव्हा तो जिवंत होता, कारण सहाही ठिकाणी रक्त साकळलेलं होतं. तिने सुरी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, “हे मी कापणार नाही. ह्याला शिकार म्हणत नाहीत. तू आणि तुझे मित्र घाण करून आलात.” आठ दिवस दोघे एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

क्राइस्टचर्चच्या मशिदींमधल्या गोळीबारानंतर सरकारने त्या बंदुका परत मागवल्या. मकरंदने कुरकुरत दिली. विनयाच्या शेजारी मांस कापणारा माणूस त्या शुक्रवारनंतर पंधरा दिवस कामावर आला नव्हता, त्याच्या मावसभावाला पुरायला तो दक्षिणेला गेला होता. म्हणून मकरंद जेवताना “आमची काय चूक” म्हणाला तेव्हा ती ताट घेऊन उठून गेली.

पुढची मॅग्नम. पाचशे-सहाशे मीटरवरून मारायची, जनावराला कळतसुद्धा नाही म्हणे. विनयाला ते टेबलावर कळायचं. बाहेर पडलेल्या गोळीचं भोक नारळाएवढं, अख्खा खांदा रक्ताच्या थारोळ्यात विरघळलेला, चार किलो मांस कचऱ्यात. पण निदान एकच भोक होतं. पंचेचाळिशीकडे चाललेला माणूस मरण जवळून बघायला कंटाळला असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कायम होती. बंदूक कुठलीही असो, ती घरी मांस आणायची.

सुशील हा मकरंदचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र. दोघांनी एका खोलीत चार वर्षं काढली होती. सुशीलने पुढे सँडरिंगहॅमला डेअरी घेतली. दूध, ब्रेड, सिगारेटी, फोनचे रिचार्ज असलं सगळं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान. मागच्या वर्षी मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमारास, मकरंद काउंटरच्या आत स्टुलावर बसून त्याच्याबरोबर चहा पीत होता. तिघे आत आले. डोक्यावर हूड ओढलेले, तोंडं झाकलेली, एकाच्या हातात हातोडा.

सुशीलने शहाण्यासारखे दोन्ही हात वर केले आणि सिगारेटींच्या कपाटाकडे मान केली. हातोडेवाल्याला तेवढ्याने समाधान नव्हतं. त्याने काउंटरवरून सुशीलचा डावा हात ओढून फळीवर दाबला आणि त्यावर हातोडा घातला. एकदा नाही, चारदा. हाडं मोडल्याचा आवाज चॉकलेटच्या खोक्यांपर्यंत आला, आणि तो तिथे ऐकला मकरंदने, कारण पहिला हातोडा पडायच्या आधीच तो काउंटरखाली शिरला होता. गुडघे पोटाशी, कानांवर हात. सुशील “मक्या, मक्या” म्हणून ओरडत होता आणि मकरंदची विजार ओली झाली होती. तीन मिनिटांत ते गेले. सुशीलच्या दोन बोटांत आजही स्टीलच्या सळ्या आहेत.

सुशीलने ह्याबद्दल त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट हॉस्पिटलात तोच म्हणाला, “बरं झालं खाली बसलास, नाहीतर तुझं डोकं फुटलं असतं.” तेच मकरंदच्या जिव्हारी लागलं. मित्र शिव्या देता तर माणूस सावरला असता, असं विनयाला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

महिन्याभरात त्याने मॅग्नम विकली आणि पंप शॉटगन आणली. काळी, आखूड दिसणारी, कायद्यात बसेल एवढीच लांब. आत पाच काडतुसं, प्रत्येकात वाटाण्याएवढे नऊ छर्रे. विनयाने विचारलं, “ह्याने काय मारतात?”

“बदकं,” मकरंद म्हणाला.

बदकांचा हंगाम आला आणि गेला. एक पीसही घरात आलं नाही. हरणांचा हंगामही गेला, मित्र फोन करून थकले. फ्रीजर हळूहळू रिकामा झाला आणि दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा विनयाने कामावरून विकतचं मटण घरी आणलं. संध्याकाळी ती कणीक मळत असली की गॅरेजमधून आवाज यायचा. खट्-खटक. थोडा वेळ शांतता. खट्-खटक. मकरंद रिकामी बंदूक भरायची आणि रोखायची सवय करत होता. शेजारचा कुत्रा त्या आवाजाला भुंकायचं सोडून गप्प बसायला लागला.

भोकच नव्हतं, त्यामुळे तिला वाचता काही येत नव्हतं. मग ऑगस्टमध्ये एक भोक सापडलं.

गॅरेजच्या कोपऱ्यात, नव्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून ठेवला होता. मकरंद तो रेंजवर घेऊन गेला असणार. त्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, ६.४ मी. पुठ्ठ्यात एकच भोक, मुठीएवढं, कडा फाटलेल्या. तिने तो पुठ्ठा सरळ उभा केला आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. भोक तिच्या छातीच्या हाडावर आलं. तिने टेप काढला आणि घरातला पॅसेज मोजला. दिवाणखान्याच्या दारापासून मागच्या सरकत्या दारापर्यंत. सहा मीटर चाळीस.

हरणाची छाती जमिनीपासून एवढ्या उंचीवर नसते. हे तिला जगातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

सप्टेंबरात मकरंदच्या लायसन्सची दहा वर्षं संपत होती. नवं मिळण्याआधी लायसन्स खात्याची बाई घरी येऊन त्याची सेफ तपासते, आणि घरातल्या माणसाशी एकटं बोलते. म्हणजे विनयाशी. शिवाय ओळखीतल्या एका माणसाला फोन होतो, तो सुशील. म्हणजे बंदुका राहणार की जाणार, हे ह्या दोघांच्या जिभेवर होतं. ह्याहून सोपी गोष्ट सरकारने माणसाच्या हातात काय द्यावी? एक शब्द खरा बोलायचा, बस्स. विनया आठ दिवस तो शब्द मनात घोळवत होती. मटण सोडवताना, बसमध्ये, अंघोळ करताना. मोठं वाक्य नव्हतंच ते. ‘मला भीती वाटते.’

बाई आली मंगळवारी अकरा वाजता. पन्नाशीची, पायांत चिखलाचे बूट, ते तिने दाराबाहेर काढून ठेवले. “किया ओरा”, म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणाली, चहा नको म्हणाली, मग घेतला. मकरंदने सेफ उघडून दाखवली. काडतुसं वेगळ्या पेटीत, किल्ल्या वेगळ्या. पुठ्ठा तेव्हा कुठेच नव्हता. मग तो बाहेर गाडी धुवायला गेला, आणि बाई स्वयंपाकघरात विनयासमोर बसली.

“गेल्या वर्षभरात त्यांच्यात काही बदल झालाय?” तिने विचारलं. सगळं अर्थात इंग्रजीत.

विनया म्हणाली, “नो. नथिंग.”

“त्यांच्या मित्रावर हल्ला झाला तेव्हा तेही दुकानात होते. त्याचा काही परिणाम?”

“ही इज फाइन. ही इज अ व्हेरी केअरफुल मॅन.”

“तुम्हाला ह्या घरात कधी भीती वाटते?”

पाण्याचा पाइप बाहेर चालू होता. गाडीच्या टपावर पाणी आपटत होतं. विनया हसली, आणि हसून म्हणाली, “नेव्हर.”

आता इथे कुणी म्हणेल, बाई खोटारडी. तसं नाही. आपल्याकडे कॅरेक्टर सर्टिफिकेट कसं मिळतं ते आठवावं. ज्याने आपलं तोंड कधी पाहिलेलं नाही असा राजपत्रित अधिकारी ‘मी ह्यांना पाच वर्षं ओळखतो, वर्तणूक चांगली आहे’ असं लिहून शिक्का मारतो आणि चहा पाजतो. सरकारी माणसाने आपल्या माणसाबद्दल विचारलं की चांगलंच सांगायचं, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. घरात तुझं तोंड बघणार नाही म्हणून भांडू, पण साहेबासमोर नवरा देवमाणूस. समोरची बाई शिक्का मारायला आलेली नाही, तिला खरोखरच उत्तर हवं आहे, हे विनयाला डोक्याने कळत होतं. जिभेला कळलं नाही. आणि मनात एक आशाही होती की हा एक हिवाळा सरेल, तो पुन्हा डोंगरात जाईल, पुन्हा कानामागे एक मसुरीएवढं भोक दिसेल. प्रेमात माणूस मूर्ख होतो, तशी तीही झाली.

सुशीलनेही फोनवर तेच सांगितलं. दोन आठवड्यांत लायसन्स आलं.

खंडेनवमी त्या वर्षी शुक्रवारी होती. दरवर्षी ते पाटावर हत्यारं मांडायचे. मकरंदची दाब मोजायची गेजं आणि नटांचे पाने, विनयाच्या तीन सुऱ्या, आणि बंदूक. हळद-कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि नैवेद्य झाला की बंदूक तासाभरात पुन्हा सेफमध्ये. कायदा कायदाच, देवालाही तो माहीत असणार, असं मकरंदच म्हणायचा. ह्या वर्षी त्याने शॉटगन मांडली. बाजूला चांदीच्या वाटीत पाच काडतुसं ठेवली आणि प्रत्येकावर कुंकवाचं बोट टेकवलं.

संध्याकाळी विनया म्हणाली, “उचल आता ती. आत ठेव.”

“उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं. रीत आहे आपली.”

“दहा वर्षं कुठे गेली होती रीत?”

“आमच्याकडे कराडला दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावत नाहीत, विनू. तुझ्या सुऱ्यापण राहू देत.”

त्याला रीत नको होती, त्याला बंदूक उघड्यावर हवी होती. हे तिने ओळखलं. एकदा सर्टिफिकेट देऊन बसल्यावर आता कुठल्या तोंडाने बोलणार होती ती?

शनिवारी सकाळी दहाला आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला होता. विनया स्वयंपाकघरात श्रीखंडात वेलची मिसळत होती. डोक्यावर पंखा घोंघावत होता, पत्र्यावर पाऊस वाजत होता. मकरंद दिवाणखान्यात फोन बघत बसला होता, पाटापासून दोन हातांवर.

सुशीलचे वडील बाळासाहेब जुलैत फलटणहून सहा महिन्यांसाठी आले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, अंगाने अजून ताठ. इंग्रजी त्यांना ‘सँक्यू’पलीकडे येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं अडतही नव्हतं. दसऱ्याचं सोनं द्यायला ते मुलाबरोबर निघाले होते. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला? सुशीलच्या कुंपणाचीच पानं त्यांनी तोडून खिशात भरली होती. पाऊस म्हणून सुशीलने त्यांना आपलं काळं जॅकेट घातलं, हूड डोक्यावर ओढून दिलं, दारात उतरवलं आणि गाडी लावायला तो पुढे गेला. बाळासाहेबांनी पुढची बेल वाजवली नाही. पुढच्या दाराने जायला आपण काय इन्स्पेक्टर आहोत का, असं त्यांचं म्हणणं असायचं. ते बाजूच्या फाटकातून मागे गेले आणि सणाचं घर उघडंच असतं, म्हणून त्यांनी सरकतं दार ढकललं. दाराला कुलूप नव्हतं.

दार सरकल्याचा आवाज विनयाने ऐकला आणि तिला वाटलं वारा असेल. मग दुसरा आवाज आला. खट्-खटक. एकामागून एक काडतुसं आत गेल्याचा बारीक आवाज त्याच्या आधी आलाच असणार, तो पंख्याने खाल्ला. तिच्या हातातला चमचा पडला. ती पॅसेजच्या तोंडाशी आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला मकरंद होता, खांद्याला बंदूक लावलेला. उजव्या हाताला, दाराच्या उजेडापुढे, एक काळं हूड. हुडाखाली तोंड दिसत नव्हतं. त्याच्याही खाली पांढरा भिजलेला लेंगा आणि पायांत जँडल्स, इथल्या रबरी चपला.

“स्टॉप,” मकरंद ओरडत होता. “डोन्ट मूव्ह. आय हॅव अ गन. डोन्ट मूव्ह.”

वर्षभर त्याच्या डोक्यात चोर इंग्रजीच बोलत आला होता. म्हणून त्याने इंग्रजीतच दटावलं. ‘कोण आहे?’ एवढे दोन शब्द विचारले असते तर ‘मी, बाळासाहेब’ असं उत्तर आलं असतं. बाळासाहेब थांबले नाहीत. हा काहीतरी गंमत करतोय, असं वाटून ते एक पाऊल पुढे आले आणि सोनं काढायला त्यांनी उजवा हात खिशात घातला.

विनया “अरे, काका—” एवढंच म्हणू शकली.

एवढ्याशा पॅसेजमध्ये तो बार असा झाला की तिला पुढचं काही ऐकूच आलं नाही. बाळासाहेब मागे फेकले गेले, दाराची काच फुटली आणि ते काचांवरच पाठीवर पडले. उजव्या बाजूचं जॅकेट उडून गेलं होतं. खांद्याखाली, छातीच्या कडेला, मुठीएवढं भोक होतं. आत पांढरं हाड दिसत होतं आणि हात जेमतेम कातडीला धरून होता. रक्त भिंतीवर वर छतापर्यंत गेलं होतं. हिरवी पानं सगळीकडे पसरली होती.

मांस कापणाऱ्या बाईला रक्त कुठून येतंय ते शोधावं लागत नाही. ती काचांवर गुडघे टेकून बसली आणि तिने मानेखालच्या हाडामागे मूठ घुसवून शीर दाबली. तिच्या हातांखालून आजवर गेलेलं सगळं मांस थंड होतं. हे गरम होतं आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या बोटांमधून वर येत होतं. ती मकरंदला ओरडून सांगत होती, फोन कर, टॉवेल दे, फोन कर. तो बंदूक हातात धरून तसाच उभा होता आणि अजून इंग्रजीतच बोलत होता, आय टोल्ड हिम टु स्टॉप.

बाळासाहेबांचं हूड मागे गेलं होतं. त्यांनी विनयाकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरलेलेही दिसत नव्हते, फक्त काही न कळल्यासारखे दिसत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “काय म्हणत होता गं तो?”

फाटकाकडून सुशीलच्या पावलांचा आवाज आला, तेव्हाही तिची मूठ तिथेच होती. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

बाळासाहेब दुपारी दीड वाजता ऑपरेशन टेबलावरच वारले. मकरंदला पोलिसांनी घरूनच नेलं होतं. हॉस्पिटलने सुशील आणि विनयाला एक लहान खोली दिली, चार खुर्च्या आणि टिश्यूंचा डबा असलेली. विनयाच्या कोपरांपर्यंत रक्त वाळून काळं झालं होतं. धुवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला सुचलंही नव्हतं.

सुशील आपल्या सळ्या घातलेल्या हाताकडे बघत म्हणाला, “वहिनी, पोलीस विचारायला येतील.”

“हो.”

“मक्याच्या विरुद्ध काही बोलू नका. जे झालं ते झालं. बाबा काही परत येत नाहीत, आणि त्याचं आयुष्य वाया जाईल. त्याने ओळखलं नाही, एवढंच सांगा. चांगला माणूस आहे तो. मीपण तेच सांगणार आहे. मागेही तेच सांगितलं होतं.”

बाप जाऊन एक तास झाला होता आणि हा माणूस मित्राला सर्टिफिकेट देत होता. विनयाला रडू तिथे फुटलं, पहिल्यांदा. तिला त्याचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच्या कानशिलात मारावीशीही वाटली.

दार वाजवून पोलीस खात्याची एक बाई आत आली. साध्या कपड्यांत, हातात जाड फाइल. तिने आधी सुशीलचं सांत्वन केलं, मग विनयासमोर खुर्ची ओढली. हवं तर दुभाषा मिळेल, वकीलही मिळेल, आजच बोललं पाहिजे असं नाही, नवऱ्याविरुद्ध बोलायची सक्ती नाही, असं सगळं तिने सावकाश सांगितलं. मग फाइल उघडून म्हणाली, “चोवीस सप्टेंबरला तुम्हाला विचारलं होतं, त्यांच्यात काही बदल झालाय का. तुम्ही नाही म्हणालात. तुमचं उत्तर आजही तेच आहे?”

सुशीलने विनयाकडे बघितलं आणि अगदी हलकेच मान हलवली. हो म्हणा, अशी.

“नाही,” विनया म्हणाली. “मी खोटं बोलले होते.” ती इंग्रजीत बोलत होती, पण हळू, एकेक शब्द ठेवत. डेअरीतल्या त्या दिवसापासून तो माणसाला मारायची तयारी करत होता. त्याने पॅसेज मोजला होता. तेवढ्या अंतरावरून छातीत गोळी घालून बघितली होती. तो पुठ्ठा मी माझ्या डोळ्यांनी बघितला, ऑगस्टमध्ये. मला तेव्हाच कळलं. तुमची बाई माझ्या स्वयंपाकघरात बसली होती तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. मला त्याची भीती वाटत होती. काल ती बंदूक बाहेर राहिली, ती का राहिली हेही मला माहीत होतं.

बाई लिहीत होती. पेनाचा आवाज तेवढा येत होता.

सुशील उठला. तो भिंतीपर्यंत गेला आणि परत वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर विनयाला सोपं गेलं असतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “त्या लायसन्सच्या बाईला नव्हतं सांगायचं तर नसतं सांगितलं. मला एक फोन करायचात. मी बाबांना त्या घरी पाठवलंच नसतं.”